धर्मपालची पट्टी

डॉक्टरीणबाईंनी यशदीपच्या घशातली नळी बाहेर काढली आणि पडद्यावरचं चित्र तिथंच थांबवलं. ओल्या, पांढुरक्या दोन कडा, आणि दोन्ही कडांवर बरोबर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढी एकेक गाठ.

"गाते हो?"

यशदीपनं मान हलवली.

"गाते नहीं, चिल्लाते हो," बाई म्हणाल्या. "दस दिन मौन. एक शब्द नहीं. फुसफुसाना भी नहीं, उससे और बिगड़ता है. बाद में धीरे-धीरे शुरू करना, नीचे के सुर में. ऐसे ही गाते रहे तो आवाज बैठ जाएगी. और बैठी हुई आवाज मैं उठा नहीं सकती."

रायपूरच्या शंकर नगरातल्या त्या दवाखान्याबाहेर पियुष मोटरसायकलला टेकून उभा होता. यशदीपनं मोबाइलवर लिहून त्याला दाखवलं, की दहा दिवस बोलणं बंद. पियुषनं बोटं मोजली. कार्यक्रमाला अठरा दिवस होते.

"मतलब आठ दिवस तरी मिळतात," तो म्हणाला. "चालते यार. आम्ही तुझ्याशिवाय वाजवून ठेवतो. तसाही तू प्रॅक्टिसमध्ये गातो कमी, बोलतो जास्त."

'खालच्या सुरात' हे बाईंचे शब्द मात्र यशदीपनं लिहिले नाहीत. ते लिहिले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मोबाइलवर मावणारं नव्हतं.

त्यांच्या बँडचं नाव 'मालधक्का'. यशदीपचं घर गुढियारीत, रेल्वेच्या मालधक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. नाव मात्र सुचवलं होतं पियुषनं, ज्यानं तो धक्का आयुष्यात दोनदाच पाहिला असेल. पियुषची गिटार, एक बेस, एक ड्रमवाला आणि यशदीपचा गळा. तीन वर्षं ते वाजवत होते. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या संमेलनांत त्यांना भर दुपारी उन्हात उभं करत. एका हॉटेलात दर शनिवारी ते गात आणि समोरचे लोक खाली मान घालून जेवत. माना वर व्हायच्या त्या एकाच गाण्याला. ते गाणं बँडनं रचलेलं नव्हतं. ते यशदीपच्या आजोबांचं, धर्मपाल गजभिये यांचं भीमगीत होतं. पियुषनं त्याखाली जडशीळ गिटार घातली होती, ढोलकीचा ठेका ड्रमवर आणला होता, पण चाल आणि पट्टी धर्मपालचीच ठेवली होती. ती यशदीपनं बदलू दिली नव्हती.

आता नव्या रायपूरला सरकारी युवा महोत्सव होता. मंत्रालय तिकडे गेलं त्याला वर्षही झालं नव्हतं. सहा-सहा पदरी रस्ते, दिव्यांचे नवे खांब आणि त्यांच्याखाली गुरं, असं ते गाव होतं. तिथल्या मैदानावर मालधक्काला पंधरा मिनिटं मिळाली होती आणि कार्यक्रम टीव्हीवर दाखवणार होते. निवड करणाऱ्यांनी बँडच्या यादीतल्या त्याच एका गाण्यापुढे खूण केली होती.

त्या गाण्याची गोष्ट गुढियारीतल्या त्यांच्या वस्तीत लहान पोरंही सांगत. १९८३ सालची जयंती. धर्मपाल मालगाड्यांच्या यार्डात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचा कामगार, होता आणि सुटीच्या वेळात गायन पार्टी चालवायचा. तो स्वतः पेटीवर, पांडुरंग ढोलकीवर, मागे चार-पाच जणांचा कोरस. दिवेलागणीला पार्टी रंगात आली आणि लाईट गेली. माइक बंद, मांडवात अंधार. लोक उठायला लागले. धर्मपालनं तिथल्या तिथं नवं गाणं उचललं आणि मागच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून पट्टी चढवत नेली. नेहमीची त्याची पट्टी काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी. त्या दिवशी तो कडव्यामागून कडव्याला वर सरकत गेला, आणि शेवटच्या कडव्यात असा सूर लावला की तसा पुन्हा कुणाला लागला नाही. गायन पार्टीत रिवाज असतो, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ते कडवं मुख्य गायकानंच घ्यायचं, कोरसनं गप्प राहायचं. धर्मपालनं नाव घातलं ते असं:

धर्मपाल सांगे, गेली जरी बत्ती,
भीमाने दिली वाती, तीच पुरे.

मालगाडीवरच्या एका गार्डसाहेबानं आपल्या टेपरेकॉर्डरवर हे सारं भरून ठेवलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात धर्मपाल छातीच्या दुखण्यानं गेला. मागे ती कॅसेट उरली, आणि कॅसेटवरून पार्टीनं नियम केला. धर्मपालचं नाव घ्यायचं तर धर्मपालच्या पट्टीतच घ्यायचं. ज्याला ती झेपत नाही त्यानं नावाच्या कडव्याला हात लावू नये.

यशदीपचे वडील गौतम त्या वर्षी नागपूरला अप्रेंटिस होते. बापाचं ते गाणं त्यांनी समोर बसून ऐकलं नाही, ही रुखरुख त्यांना आयुष्यभर पुरली. परत आल्यावर पार्टी त्यांच्याकडे आली. बारा वर्षं त्यांनी ती चालवली. कॅसेट लावायची आणि तिच्याबरोबर गायचं, सकाळ-संध्याकाळ. १९९६ च्या जयंतीला, भरल्या मांडवात, 'धर्मपाल सांगे' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी ओळ पुन्हा घेतली. पुन्हा फाटला. तिसऱ्या वेळी तोंडातून नुसती हवा आली. मागून कुणीतरी म्हणालं, "राहू दे गौतम, कॅसेट लाव." आणि खरोखर कॅसेट लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या कॅसेटला.

त्यानंतर गौतमचा आवाज कधी नीट परत आला नाही. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात त्याची गरजही नव्हती. तिथं खुणेनंच काम चालतं. घरात ते फार कमी बोलत, आणि बोलले की गोणपाटावरून विळी ओढावी तसा आवाज येई. पेटी कपाटावर गेली आणि पार्टी मोडली. पण यशदीप गायला लागला तेव्हा त्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे ती पट्टी. स्वतः गाता येत नव्हतं, म्हणून कॅसेटची नक्कल करून दिली. यशदीपचा सूर लागला की ते मान हलवत. लागला नाही की उठून अंगणात जात. यशदीपला बोलणी खाणं परवडलं असतं, ते उठून जाणं परवडत नसे.

मौनाच्या पहिल्या दिवशी आई, शेवंता, दोघांना वाढता वाढता म्हणाली, "एक मुका होताच घरात. आता दोन झाले. मी भिंतीसंग बोलत जाऊ का?"

यशदीपनं मोबाइलवर लिहिलं, 'दहाच दिवस.'

"तुह्या बाबालेही डॉक्टरनं पंधराच दिवस सांगितले होते," शेवंता म्हणाली. "ऐकलं का त्यायनं? जयंती जवळ आली होती ना." आणि नवऱ्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

तोंड बंद ठेवलेल्या माणसाला कान उरतात. यशदीप सायन्स कॉलेजचा, भौतिकशास्त्रात पदवी घेतलेला. मोजता येईल ते मोजल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. त्यानं ठरवलं की या दिवसांत आजोबांचं गाणं नीट मोजून काढायचं. कुठं श्वास घेतात, वरचा सूर गळ्यातून काढतात की डोक्यातून. घसा न ताणता ते कसं गायचे हे कळलं तर आपलाही वाचेल. त्याच्याकडे होती ती नक्कल, तीत खरखरच जास्त. त्यानं आईला लिहून मूळ कॅसेट मागितली.

"तुह्या बाबाले विचारू नको," शेवंता म्हणाली आणि पेटीच्या मागं ठेवलेला पत्र्याचा डबा काढून दिला.

पियुषच्या मामांकडे जुना टेप होता. तो लॅपटॉपला जोडून यशदीप मौनाच्या चौथ्या दिवशी ऐकायला बसला. नकलेत फक्त ते एक गाणं होतं. मूळ कॅसेटवर त्याच्या आधीची दोन गाणीही होती, लाईट असतानाची. ती ऐकून त्याला बरं वाटलं. जाड, भरलेला आवाज, सावकाश ठेका. दोन गाण्यांच्या मधे आजोबा कुणाला तरी सांगत होते, "पोरायले पुढं बसवा." मग एक खट्ट आवाज. गर्दीचं 'एऽऽ'. आणि लगेच पुन्हा आजोबा, "बसा बसा, कोणी उठू नका."

यशदीपनं टेप थांबवला. मागं नेला. पुन्हा ऐकला.

'पोरायले पुढं बसवा' म्हणणारा पन्नाशीचा माणूस होता. 'कोणी उठू नका' म्हणणारा पंचविशीचा. मधे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ गेलेला नव्हता. गर्दीचं 'एऽऽ' सुद्धा शेवटी शेवटी बारीक झालं होतं.

त्यानं कपाटावरची पेटी खाली काढली. भाता एका बाजूनं उंदरांनी कुरतडला होता, तरी दमानं दाबला की सूर येत होता. काळी दोन दाबली. कॅसेटवरच्या पहिल्या दोन गाण्यांशी ती केसाचाही फरक न पडता जुळली. मग त्यानं लाईट गेल्यानंतरचं गाणं लावलं. त्यातली पेटी काळी दोनला जुळेना, शेजारच्या पांढऱ्या पट्टीलाही जुळेना. ती दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी वाजत होती. लॅपटॉपवर आकडे काढले. काळी दोनचा सा सेकंदाला एकशे पंचावन्न कंपनांचा. हा सुरू होत होता एकशे सहासष्टला आणि नावाच्या कडव्यात पोचत होता एकशे ऐंशीला. कडव्यामागून कडव्याला पायरी चढल्यासारखा तो चढत नव्हता. सारखा, अखंड, सरकत होता. शेवटच्या दोन ओळींच्या मधे पेटीनं एकच सूर आठ सेकंद धरला होता. त्या आठ सेकंदांतही तो सूर वर गेला होता.

गायकाचा गळा चढेल. पेटीतले सूर पितळेचे असतात, ते कुणाच्या उमेदीनं चढत नाहीत.

त्यानं टेप बंद केला. लाईट गेली, तेव्हा गार्डसाहेबाचं मशीन सेलवर गेलं असणार. सेल जुने असणार. मशीनची मोटर हळू, मग आणखी हळू फिरली. हळू भरलेली फीत नंतर घरच्या लाईटवर नेहमीच्या वेगानं वाजवली की आवाज वर जाणार, ठेका जलद होणार. आणि सेल जसजसे मरत गेले तसतसा धर्मपाल चढत गेला. तो त्या दिवशीही काळी दोनमध्येच गायला होता, आदल्या दिवशीसारखा, रोजच्यासारखा. त्या पट्टीत कुणीच, कधीच गायलं नव्हतं. गायले होते ते फक्त गौतम, आणि आता यशदीप.

एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. नवव्या दिवशी तो पांडुरंग आजोबांकडे गेला. पंचाहत्तरीचा माणूस, दारातल्या खाटेवर ऊन खात बसलेला. यशदीपनं मोबाइल पुढे केला. पांडुरंगांनी तो डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"बोलत काहून नाही बे? झगडा झाला का माह्यासंग?"

यशदीपनं घशाकडे बोट दाखवलं.

"हव. गजभियायच्या घरचा रोग आहे तो." त्यांनी मोबाइलवरचा प्रश्न मोठ्यानं वाचला. "त्या दिवशी आजोबांनी पट्टी खरंच चढवली होती का. वा. मी बाजूले बसलो होतो, अन् मले विचारून राहिला. अरे, मांडव हालत होता. ढोलकीवर माहे हात पुरत नव्हते, इतका चढला होता तो. तू कॅसेट ऐक. कॅसेटवर तर सारंच आहे."

यशदीपनं लिहिलं, 'आजोबांनी स्वतः ऐकली होती कॅसेट?'

"एकदा. गार्डसाहेबाच्याच घरी." पांडुरंग हसायला लागले. "ऐकून म्हणते कसा, हा कोणता पोट्टा गाऊन राहिला बे? आम्ही म्हटलं, तूच तर आहे. तर मान हालवे अन् हासे. इतका मोठा गायक, पण गर्व नाही एवढासा. असा होता तुहा आजा."

यशदीपनं मोबाइल खिशात ठेवला. म्हाताऱ्याचे पाय धरून तो निघाला. त्यांना खोटं पाडण्यात काही अर्थ नव्हता, ते खोटं बोलतच नव्हते. तीस वर्षं कॅसेट ऐकून त्यांच्या डोक्यातली ती संध्याकाळ कॅसेटच्या वेगानं फिरायला लागली होती.

अकराव्या दिवशी रविवार होता. मौन संपलं होतं. यशदीपनं तोवर त्या गाण्याचा वेग उलटा बदलून ठेवला होता. जिथं जितका चढला होता तिथं तितका उतरवून, पेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी दोनवर स्थिर होईल असा. दुपारी जेवणं झाल्यावर तो वडिलांना म्हणाला, "बाबा, थोडं ऐका ना."

आपलाच आवाज त्याला परका वाटला.

गौतम खुर्चीत बसले. यशदीपनं आधी काही समजावलं नाही. नुसतं गाणं लावलं.

आवाज जाड होता. कडव्याच्या शेवटी तो थोडा बसत होता, यार्डातल्या धुळीनं बसतो तसा. ठेका सावकाश, ढोलकीचा एकेक ठोका मोजता यावा असा. वरच्या सुराला गळा ताणल्याचं कळत होतं आणि तरी तो सूर माणसाच्या आवाक्यातला होता. नावाचं कडवं आलं, गेलं. शेवटी धर्मपाल खोकला आणि म्हणाला, "पाणी दे रे कोणी."

गौतमचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो तिथंच राहिला.

"हा बाबा आहे," ते म्हणाले. "असंच खोकलायचा. हा आवाज कुठून आणला तू?"

मग यशदीपनं सांगितलं. लाईट, सेल, मोटर. कागदावर आकडे काढले होते ते दाखवले. पेटी समोर ठेवून काळी दोन दाबून दाखवली. तो हळूहळू, खालच्या आवाजात बोलत होता, बाईंनी सांगितलं होतं तसं. गौतमनी मधे एकदाही अडवलं नाही. वॅगनच्या ब्रेकमधला दोष कनिष्ठ माणूस दाखवतो तेव्हा ऐकावं, तसं ते ऐकत होते. सगळं संपल्यावर ते म्हणाले, "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. या वेळी ते गाण्याबरोबर ओठ हलवत होते.

"हे मले जमलं असतं," ते म्हणाले.

दारातून शेवंता ऐकत होती. ती आत आली. "जमलं असतं म्हणजे? जमतच होतं. मी नव्हती का ऐकत? चुलीपाशी गुणगुणत तेव्हा अशेच तर गात होते तुम्ही." तिचा आवाज चढला. "सांगा आता साऱ्या वस्तीले. त्या मांडवात ज्यायनं कॅसेट लावली ना, त्यायले बोलवा अन् ऐकवा. यश, जयंतीले भोंग्यावर लाव हे."

"नाही," गौतम म्हणाले.

"काहून नाही?"

"नाही म्हटलं ना."

"सतरा वर्षं खाली मान घालून फिरले तुम्ही."

गौतम उठले. यशदीपला वाटलं, अंगणात जाणार. ते गेले नाहीत. त्यांनी पेटीचा भाता बंद केला, खटका लावला, आणि यशदीपसमोर उभे राहिले.

"तू खालीच गाय," ते म्हणाले. एवढं लांब बोलायची त्यांना सवय नव्हती, दर दोन शब्दांनी दम लागत होता. "काळी दोनमध्ये. घसा नको खराब करू. माही काही हरकत नाही."

"लोक विचारतील, बाबा. पट्टी काहून उतरवली म्हणून."

"विचारू दे. सांगायचं नाही. ही गोष्ट या घराच्या बाहेर जाऊ देऊ नको."

"पण तुमचं..."

"माहं गेलं ते गेलं. त्याचं काहून घेतो? खलाशी होता तो. काय आहे त्याच्या नावावर? घर रेल्वेचं होतं, ते सोडलं. फोटो एक आहे, तोही ग्रुपचा. हा एक सूर आहे. पांडुरंगले विचार, वस्तीतल्या पोट्ट्यायले विचार, धर्मपाल कोण, तं सांगतात, लाईट गेली अन् ज्यानं पट्टी चढवली तो. आता त्यायले सांगू का, सेल उतरले होते?"

शेवंता म्हणाली, "अन् हा? हा काय सांगन?"

गौतमनी पेटी उचलून पुन्हा कपाटावर ठेवली. मग म्हणाले, "नियम आहे तो आहे. खालच्या पट्टीत गायचं तर नावाचं कडवं नको घेऊ. बाकी सारं गाय."

"पण खरी पट्टी तीच आहे, बाबा. आजोबांची."

"तुले माहीत आहे, मले माहीत आहे." दम घेऊन ते म्हणाले, "तेवढं पुरे."

यशदीपनं त्यावर भांडायला हवं होतं, असं शेवंता नंतर कित्येकदा म्हणाली. त्याला भांडता आलं नाही. आकड्यांची बाजू त्याच्याकडे होती. समोरच्या माणसाकडे आकडे नव्हते, आवाजही नव्हता.

पियुषला त्यानं एवढंच सांगितलं, की डॉक्टरांमुळे गाणं खाली घ्यायचंय आणि शेवटचं कडवं गाळायचंय. "खाली घे, चांगलंच आहे, भारी वाटेल," पियुष म्हणाला. "पण कडवं काहून? तेच तर कडक आहे. बत्तीवालं." यशदीप म्हणाला, घरचं आहे. पियुषनं खांदे उडवले आणि त्या जागी गिटारचा लांब तुकडा बसवला.

महोत्सवाच्या दिवशी वस्तीनं एक बस ठरवली होती. नव्या रायपूरला जायला दुसरं साधन नव्हतं. चाळीसेक माणसं आली, आणि पुढच्या रांगेतल्या सरकारी खुर्च्या मोकळ्या राहिल्या म्हणून स्वयंसेवकांनी त्यांनाच पुढे बसवलं. मधोमध पांडुरंग, शेजारी गौतम. मैदानावर वारा होता. ऊन उतरत होतं, तरी दिवे लावायची वेळ झालेली नव्हती.

यशदीप काळी दोनमध्ये गायला. पहिल्या ओळीलाच त्याला कळलं की ही चाल या जागेसाठीच केलेली होती. जिथं आजवर त्याला लढावं लागे तिथं सूर आपोआप येऊन बसत होता. प्रत्येक शब्द नीट उच्चारायला वेळ मिळत होता. आजोबांनी श्वास कुठं घेतला असेल ते शोधावं लागलं नाही, तिथंच श्वास संपत होता. मागची कॉलेजची पोरं डोलायला लागली. वस्तीतली माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. ती वाट पाहत होती. तिसरं कडवं झालं, चौथं झालं. कोरसनं जिथं थांबायचं तिथं कोरस गुणगुणणारे वस्तीतले दोघे-तिघे जुने लोक सवयीनं गप्प झाले, आणि पुढे सरकून बसले.

यशदीप माइकपासून एक पाऊल मागं आला. पियुषची गिटार सुरू झाली. ती चांगली वाजली, लांब वाजली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. गाणं संपलं.

मंचामागच्या मोकळ्या जागेत तो वायरी गोळा करत होता तेव्हा वस्तीची माणसं बसकडे जाताना तिथूनच गेली. पांडुरंग काठी टेकत आले आणि थांबले. यशदीपशी ते बोलले नाहीत. वळून त्याच्या वडिलांना म्हणाले, "गौतम, तुह्या पोट्ट्यानं पट्टी उतरवली."

"हव," गौतम म्हणाले. "उतरवली."

"अन् नावही नाही घेतलं."

"नाही झेपलं त्याले."

"गोड गायला, बाकी नाही म्हणत मी. पण धर्मपालचा आवाज वेगळा होता." पांडुरंगांनी हात डोक्याच्या वर, जमेल तितका उंच नेला. "इथं होता तो. मी बाजूले बसलो होतो."

"हव," गौतम पुन्हा म्हणाले, आणि म्हाताऱ्याच्या दंडाला धरून त्याला बसकडे घेऊन गेले. शेवंता मागं थांबली होती. तिनं एकदा मुलाकडे पाहिलं, पदर डोक्यावरून घेतला आणि तीही गेली.

यशदीपचा घसा जराही दुखत नव्हता. त्यानं एक आवंढा गिळून पाहिला. सगळं ठीक होतं, आवाज होता, हाक मारली असती तर बसपर्यंत सहज पोचली असती. पियुष काहीतरी विचारत होता, ॲम्प्लिफायर आधी उचलायचा की ड्रम. यशदीप वायर कोपरावरून अंगठ्यावर, अंगठ्यावरून कोपरावर गुंडाळत राहिला.